अण्णांची रोपं आणि नळाचा दिवस

अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं बजावलं. आमचे वडील शेतकरी असल्यामुळं त्यांनी ही अट फक्त पोत्यांना लागू आहे असं धरलं. आई गेल्यापासून ते गावी, तेरला एकटेच राहतात, म्हणून मी त्यांना धाराशिवला माझ्याकडं आणलं. त्यांनी नाही म्हटलं नाही, पण येताना टोमॅटोचं बी आणलं. विहिरीजवळच्या तुकड्यात लावायची रोपं इथंच तयार करणार आणि रोपं घेऊनच परत जाणार, असं त्यांनी पहिल्याच जेवणाला जाहीर केलं. त्यांनी कायमचं इथंच राहावं अशी माझी इच्छा होती. त्यांच्या काळजीनं माझा जीव टांगणीला लागलेला असतो. हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं होतं.

आमच्या बाल्कनीत ऊन येतं ते समोरच्या इमारतीच्या मर्जीनं. तिथं दोन ट्रेमधली रोपं लांबट आणि फिकट व्हायला लागली, तसे अण्णांनी ट्रे गच्चीवर हलवायला लावले. गच्चीवर रोपांनी रंग धरला. अण्णा रोज त्यांच्या शेंड्यांवरून हलका हात फिरवायचे, त्यानं खोड जाड होतं म्हणे. बिऱ्हाडा-बिऱ्हाडातून लोक बघायला यायचे. वरची माती सुकल्याशिवाय पाणी द्यायचं नाही, हे अण्णांनी प्रत्येकाला समजावलं आणि प्रत्येकानं मान डोलावली.

मग नळाचा दिवस आला. आमच्याकडं नळ रोज येत नाही, त्यामुळं एरवी पाणी तुपासारखं वापरतात. पण आज नळ येणार म्हटलं की कालपर्यंत जपलेलं तेच पाणी शिळं होतं. ते ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं. मात्र गटारात ओतायला जीव धजत नाही, म्हणून ते झाडांना घालतात. त्या सकाळी मी अण्णांना तपासणीला नेलं होतं, आणि डॉक्टरांनी दोन दिवस जिना चढायचा नाही असं सांगितलं. आमच्यामागं प्रत्येक बिऱ्हाडानं आपापली बादली गच्चीवर आणली. अण्णांच्या रोपांसाठी म्हणून सगळ्यांनीच आणली. दोन दिवसांत रोपांनी माना टाकल्या. ती सुकली असं समजून लोकांनी पुन्हा पाणी घातलं.

अण्णांनी एक रोप उपटून बघितलं. बुडाशी ते काळं पडून दोऱ्याएवढं बारीक झालं होतं.

"समद्यायनी मया केली," ते म्हणाले, "आन् एकानंबी दुसऱ्याला इचारलं न्हाय."

मी चेहरा पाडला, पण मला आनंद झाला होता. अण्णा आता निदान महिनाभर तरी हलत नव्हते. त्यांनी त्याच संध्याकाळी ट्रे धुऊन, माती बदलून नवं बी पेरलं.

या खेपेची रोपं पहिल्यापेक्षा सरस निघाली. बुटकी, जाड खोडाची, गर्द हिरवी. मी ती रोज बघायचो आणि रोज थोडा उदास व्हायचो. नळाच्या दिवशी आता अण्णा स्वतःच गच्चीवर बसायचे. एकदा मात्र ते जेवून झोपले होते. मी छत्री घेऊन ट्रेंपाशी राखणीला बसलो. लोक बादल्या घेऊन वर आले आणि मला बघून कुंड्यांकडं वळले. पहिल्या मजल्यावरच्या काकू मात्र थांबल्या.

"घालू का दोन तांबे?" त्या हळूच म्हणाल्या. "तेवढंच अण्णा आणखी म्हैनाभर राहतेल."

मी लगेच नाही म्हणालो असतो तर बरं दिसलं असतं. काकू तांब्या धरून उभ्या होत्या. रोपांच्या शेंड्यांवर अण्णांचा सकाळचा हात फिरलेला होता. नको, मी म्हणालो, आणि त्या गेल्यावरसुद्धा ट्रेंपुढून उठलो नाही.

संध्याकाळी अण्णा वर आले. एक खोड बोटात धरून त्यांनी पाणी तोडायला सांगितलं. लावणीआधी रोपांचं पाणी असं बंद करतात, म्हणजे निघायची वेळ झाली. आणखी आठ दिवस राहिलात तर काय बिघडेल, असं मी विचारलं.

"ट्रेमधी जास्त राह्यलं की रोप जून हुतंय," ते म्हणाले. "मग रानात लागत न्हाय."

एसटीत मी दोन्ही ट्रे त्यांच्या मांडीवर ठेवले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिलो. ते रोपांना वारं लागू नये म्हणून काच ओढून घेत होते.