पहिल्या रांगेतले नाना

मी माझ्या सख्ख्या काकांवर भावाच्या खुनाचा आरोप केला. जळगावात, भर दुपारी, भरल्या नाट्यगृहात. आणि तो नीट ऐकू यावा म्हणून पहिल्या रांगेतली खुर्ची त्यांच्यासाठी मीच राखून ठेवली होती. यातलं काहीही ठरवून केलं नव्हतं असं सांगून उपयोग नाही, कारण नाटक मीच लिहिलं होतं, बसवलंही मीच होतं आणि त्यातल्या वेड्याचं कामही मीच करत होतो.

धुळ्यात आमच्या ऑफिसातल्या सात-आठ जणांना नाटकाचा नाद आहे. त्या वर्षी जळगावच्या नाट्यस्पर्धेसाठी मी एक जुनी इंग्रजी सूडकथा घेतली. राजा मरतो, त्याचा भाऊ सगळं ताब्यात घेतो, राणीही त्याच्या बाजूची होते, आणि राजपुत्र सूड घ्यायचा म्हणून वेडाचं सोंग आणतो. राजपुत्राचा मी पाटलाचा पोरगा केला. मुळातली विष देण्याची तऱ्हा आमच्याकडे कुणाला पटली नसती, म्हणून विष भरितात घातलं. हिवाळ्यात मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, पंगत बसवायची आणि भावाच्या ताटात तेवढं वेगळं भरीत वाढायचं. ही युक्ती सुचली त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की बायकोला कचेरीतून फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "येताना दूध आणा."

तालमीत दोन महिने मी सगळ्यांचं डोकं खाल्लं. हा पोरगा खरा वेडा की सोंग करतो? आईचा त्याला राग येतो की काकाचा हेवा वाटतो? ज्या पोरीवर जीव आहे तिलाच तो घालूनपाडून का बोलतो? मी बोलत सुटायचो आणि मंडळी चहा कधी येतो ते बघत बसायची. काकाचं काम करणारा आमचा कॅशियर एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, पोराचं राहू द्या. मी कसा बसू ते सांगा." मी त्याला बसून दाखवलं. एक पाय खाटेवर दुमडलेला, बोलण्याआधी दोन बोटांनी टोपी मागे सारायची, आणि समोरच्याचं सगळं ऐकून घेऊन शेवटी एकच शब्द: "मंग?" कॅशियरला ते फार आवडलं. मला वाटलं, काय सुचलंय मला!

आता घरचं सांगतो. दोंडाईच्याजवळ आमचं गाव. अकरा वर्षांपूर्वी वडील गेले, हार्टने. आदल्या दिवशी मळ्यात भरिताची पंगत होती, नानांनीच केलेली. नाना म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांनी लग्न केलं नाही. शेती त्यांनी सांभाळली, माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष पुरं केलं, बहिणीचं लग्न लावलं. आई गावी त्यांच्याच भरवशावर राहते. पण ओट्यावरच्या वडिलांच्या खाटेवर नाना बसायला लागले तेव्हा ते मला आवडलं नव्हतं. का आवडलं नाही हे मी कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचो. आणखी एक, नाना त्यानंतर भरीत खात नव्हते. पित्त होतं म्हणायचे.

हे सगळं मला माहीत होतं, आणि तरीही मी ते नाटक लिहिलं, आणि तरीही आई आणि नानांना गाडी पाठवून जळगावला आणलं. माझ्याइतका हुशार माणूस आमच्या घराण्यात झाला नाही.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्या अंकात पोरगा गावात सोंगाड्यांचा खेळ लावतो. त्या खेळात खुनाचीच गोष्ट दाखवायची आणि काकाचा चेहरा वाचायचा, असा त्याचा डाव. खेळ सुरू झाला. सोंगाड्याने भरीत वाढलं. खाटेवर बसलेल्या कॅशियरने पाय दुमडला, दोन बोटांनी टोपी मागे सारली आणि म्हणाला, "मंग?"

मी त्याचा चेहरा वाचायचा सोडून पहिल्या रांगेत पाहिलं. तिथे एक पाय खुर्चीवर दुमडून नाना बसले होते. तशीच टोपी.

नाटकातल्या काकाने घाबरून उठायचं होतं, पण त्याच्या आधी माझेच काका उठले. खाली मान घालून, भिंतीच्या कडेने, दारातून बाहेर. मागोमाग आई.

पुढची चार मिनिटं मी काय केलं ते मला इतरांकडून कळलं. एकही वाक्य आठवत नव्हतं. मी म्हणे डोळे फिरवत खाटेभोवती तीन चकरा मारल्या, मग खाली बसून भाजलेलं वांगं सोललं, आणि कॅशियरने कानात वाक्य सांगितलं तेव्हा त्याच्याकडेच बोट दाखवून "नाही, नाही" म्हणालो. पुढचं कसंबसं पार पडलं. मला दिसत होतं ते एवढंच, की नाना गावी गेले, सामान बांधलं, आणि आईचं आता काय?

पडदा पडताच तोंडाला राख फासलेली, बंडी उलटी, तसाच बाहेर पळालो. नाट्यगृहाच्या आवारात कडुनिंबाखाली नाना कट्ट्यावर बसले होते. आई पाण्याची बाटली घेऊन उभी. घरात आम्ही अहिराणी बोलतो. इथे ती बरीचशी मराठीत आणतोय.

"नाना, ते नाटक आहे हो. इंग्रजीतून घेतलंय. तुमच्याशी काही संबंध..."

"बठ्ठं खरं शे," नाना म्हणाले.

सगळं खरं? मी आईकडे पाहिलं.

"डॉक्टरने दादाला तेल-मिरची बंद केली होती. मला माहीत होतं. तरी पंगत मी केली. म्हटलं, एक दिवस खाऊ दे, वर्षभर मिळमिळीत खातोय. अकरा वर्षं मी त्या खाटेवर बसतो, लोकांना वाटतं ऐटीत बसतो; मला तिथे रोज ते ताट दिसतं. तुला कळलं तर तोंड दाखवणार नाही असं ठरवलं होतं. तुला कळलेलं दिसतंय."

आईने बाटलीचं झाकण लावलं.

"तुम्ही दोघंही एकाच मापाचे," ती म्हणाली. "भावजी, तुम्ही एकदा वाढलं. दुसऱ्यांदा मी वाढलं. तिसऱ्यांदा ते स्वतः उठून घेऊन आले. मग कुणाकुणाला फाशी द्यायची?"

"पण वहिनी..."

"पुढचं ऐका. दहाव्यानंतर गादी उन्हात टाकली तर खोळीतून गोळ्या निघाल्या. मूठभर. हार्टच्या. मी रोज हातावर द्यायची, ते गिळल्याचं सांगायचे. माघारी माणसाचं हसू नको म्हणून मी बोलले नाही. मला काय माहीत, तुम्ही अकरा वर्षं हे उरावर घेऊन बसलाय!"

नानांनी टोपी काढली, डोळे पुसले आणि त्यांना एकदम हसू फुटलं. "दादा लहानपणी कुनाईनची गोळीबी असाच लपवे," ते म्हणाले. "जिभेखाली धरायचा आणि गोठ्यात जाऊन थुंकायचा. एकदा वासराने खाल्ली!" आई हसली. मीही हसलो, आणि राख डोळ्यात गेली म्हणून बरं झालं.

मी नानांच्या शेजारी कट्ट्यावर बसलो. किती वर्षांनी बसलो कुणास ठाऊक. म्हटलं, "नाना, खाट तुमचीच आहे."

"मंग?" नाना म्हणाले. "आता ती कॅशियरले देऊ का?"

तोंड धुऊन आम्ही जवळच्या खानावळीत गेलो. वाढप्याने विचारलं, भाजी काय देऊ? मी घाईने म्हणालो, "यांना शेवभाजी." नाना म्हणाले, "भरीत आण." भाकरीचा पहिला घास त्यांनी हळू खाल्ला. दुसरा नेहमीसारखा. मग कांद्याची पात मागवली.

तेवढ्यात कॅशियर धापा टाकत आला. परीक्षक म्हणे चहा पिताना वेडाच्या प्रवेशाचंच बोलत होते. असं खरं वेड या स्टेजवर पाहिलं नाही, नुसते डोळे फिरवलेत, शब्दच काढून टाकलेत, फार धाडसी कल्पना! माझी मान ताठ झाली. मी भाकरी खाली ठेवली आणि सांगायला लागलो, की सोंग आणि वेड यांच्या मधली जी जागा असते, ती दाखवायची तर शब्द सोडून द्यावे लागतात, मी बरेच दिवस त्यावर...

"पाठ नव्हतं तुला," आई म्हणाली. "शाळेत तेराचा पाढा अडला की अस्सेच डोळे फिरवायचास."