सहाव्या कडव्याच्या पुढं

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. माझी बहीण, अक्का, गेली त्याला दीड महिना झाला. उदगीरला आडत दुकानात धान्य निवडता निवडता ती सुपावरच कलंडली, असा भाऊजींचा फोन आला. दहाव्याला बाया म्हणत होत्या, काय गोड गळा होता बाईचा... मला तेव्हाच राग आला. बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

अक्का आईची तिसरी मुलगी. आता पोरी पुरे, हे देवाला कळावं म्हणून तिचं नाव नकुसा ठेवलं. देवाला काही कळलं नाही, तिच्या पाठीवर मीच आले. त्या दिवशी आजीनं दोन वर्षांच्या अक्काला बडवलं, तिची पाठच वाईट म्हणून. हे आईनंच सांगितलेलं, तेही हसत. मी पाच वर्षांची असताना माझ्या पाठीवर भाऊ झाला. मग माझ्या पाठीला हळदकुंकू लावलं, पाठीवर गूळ फोडला, गावात वाटला. माझ्यातला अर्धा खडा मी अक्काला दिला. तिनं तो हातात धरला, बघितला आणि कोंबड्यांपुढं टाकला.

मोठ्या दुष्काळात माझी शाळा सुटली. आम्ही दोघी खडी फोडायला जायचो. तिथं बाया जात्यावरच्या ओव्या म्हणत. एक ओवी अशी होती, की लेक जन्मली म्हणून आईनं दिवा बारीक केला, तेल लेकासाठी राखून ठेवलं. चाल इतकी गोड, की मीही मनातल्या मनात म्हणायची. एकदा अक्कानं हातोडी थांबवून विचारलं, "राखलेलं तेल मग कोणी पिलं गं?" बाया खो खो हसल्या आणि पुन्हा तीच ओवी धरली. लोक म्हणतात, ओव्यांमध्ये बाईनं आपलं दुःख सांगितलं. कुणाला सांगितलं? जात्याला. आणि लेकीला ते पाळण्यातच ऐकवलं, तिला झोप लागावी म्हणून.

आमच्याकडं मुलाच्या बारशाला पाळण्याची बारा कडवी म्हणतात. म्हणणारीला नारळ, खण आणि अकरा रुपये. मुलगी असली की पाच कडव्यांवर थांबायचं, वाटीभर घुगऱ्या घ्यायच्या आणि उठायचं. अक्काला लांबलांबून बोलावणी यायची. ती म्हणायची, गाणं तेच, पाळणा तोच, मग सहाव्या कडव्याला काय धाड भरते?

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षी मला तिसरी मुलगी झाली. सासरे तालुक्याहून पेढे घेऊन आले. मला वेडीला वाटलं, नातीचे. ते जिल्ह्याचे होते. बारशाला सासूबाई म्हणाल्या, हिचं नाव नकुसाच ठेवा. अक्का पाळण्याजवळ बसली होती. ती म्हणाली, "ते नाव माझं हाय, मामी. मी जितीजागती बसलेय. दुसरीला देऊ नका." नणंदेनं मुलीच्या कानात वनिता हे नाव सांगितलं. मग अक्कानं पाळणा धरला. पाच कडवी झाली, बाया उठायला लागल्या, अक्का म्हणतच राहिली.

"अगं ये, पोरगी हाय ती," सासूबाई म्हणाल्या.

"दिसतंय की मला. म्हणूनच म्हणते."

सातव्याला बाया बाहेर गेल्या. आठव्याला सासूबाई आत गेल्या. बाराही कडवी तिनं एकटीनं म्हटली. मी तिच्यामागं सूर तरी धरायचा होता. मी मान खाली घालून बसले. सगळ्यांत जास्त राग मला त्या मानेचा येतो.

जाताना अक्कानं सासूबाईंपुढं पदर धरला. त्या म्हणाल्या, "पोरीच्या बारशाला कसले अकरा रुपये? घुगऱ्या घे अन् गाडी गाठ."

"राहू द्या. माझे तुमच्याकडं राहिले."

पुढं दर पंचमीला आली की ती विचारायची, "मामी, माझे अकरा?" सासूबाई हसायच्या. हसत हसतच गेल्या, दिले नाहीत. नातीच्या हातचं औषध मात्र शेवटी घेतलं. वनिता नर्स झाली होती, नांदेडला.

मागच्या आठवड्यात वनिताच्या मुलीचं बारसं झालं. पाळणा कोण म्हणणार, म्हणून सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. मी दोरी धरली. चारचौघांत मी कधी गायले नव्हते. पाचवं कडवं संपलं, जेवणाचं ताट वाढल्याचा आवाज आला, दोघी-तिघी उठल्या. माझा आवाज फाटला... पण बाराव्यापर्यंत मी थांबले नाही. वनितानं माझी ओटी भरली, अकरा रुपये दिले. मग पर्समधून आणखी अकरा काढले. "हे आजीकडचे. मावशीचे राहिलेले."

मी ते घेऊन परवा उदगीरला गेले. अक्काचं सूप भिंतीला तसंच टांगलेलं आहे, काठाला तिनं चिंध्या शिवलेलं. मी ते खाली काढलं, पुसलं आणि पैसे त्यात ठेवले. भाऊजींनी मोजले आणि विचारलं, कसले म्हणून. त्यांच्यासमोर मी आजवर पदर सावरूनच बोललेली. त्या दिवशी शेजारच्या घरात जाईल एवढ्या आवाजात सांगितलं, "पोरीच्या बारशाचे. बारा कडव्यांचे. पुरे आले."