गंगूमावशीच्या सर्टिफिकेटाची फाईल

विषय : बालवाडी चालवणाऱ्या श्रीमती गंगूबाई यांस प्रशिक्षित असल्याचे प्रमाणपत्र मिळणेबाबत.

संदर्भ : बुऱ्हाणपूरच्या आमच्या शिक्षण ऑफिसातील फाईल. जाड. दोनदा दोरी बदललेली.

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, ऑफिसात किस्से कुणी जमवत नाही. ते डाकेसारखे रोज येतात आणि एकमेकांच्या डोक्यावर चढून बसतात. रिटायर होताना चार्ज द्यायला बसलो तेव्हा कळलं, कपाट सरकारचं, पण आतला अर्धा माल आपला! माझ्याकडचा सगळ्यात मोठा गठ्ठा गंगूमावशीचा. ऐकाच!

*

छप्पन साली राज्यं जोडली. आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, आणि नागपूर स्वतः मुंबई राज्यात जाऊन बसलं. नव्या राज्यात आमच्याशी जोडलेल्या रीवाकडून तिवारीजी बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून आले. मी तेव्हा मिसरूड फुटलेला नवा कारकून.

हुकूम आला, सगळ्या बालवाड्यांना नव्यानं मान्यता द्या. आमच्या जुन्या नियमात बालक म्हणजे पाच वर्षांपर्यंतचं. तिवारीजींनी सोबत आणलेल्या नियमात सहा वर्षांपर्यंतचं!

मी विचारलं, "बडे बाबू, साडेपाच वर्षांच्या पोराचं काय करायचं?"

तिवारीजींनी शांतपणे चष्मा पुसला. "लिख दीजिए, इस बालक का विलीनीकरण अभी शेष है!"

*

गंगूमावशीची बालवाडी मागवाल्या विणकरांच्या मोहल्ल्यात होती. आया दिवसभर मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या आणि त्यांची तीस-चाळीस पोरं मावशीकडे, सरकारनं दिलेल्या एका खोलीत. नव्या हुकमात साफ लिहिलं होतं : प्रमाणपत्र नाही तर मान्यता नाही, मान्यता नाही तर खोली खाली करा.

मावशी ऑफिसात आली ती कडेवर एक पोर घेऊनच. "काय रे बाबू, नागपूरला तीन महिने राहून शिकून आली मी. सर्टिफिकेट तुमच्याच हापिसानं तपासायला मागितलं होतं. कुठं आहे ते?"

ते तपासणीसाठी नागपूरला गेलेलं. मी तिथं पत्र टाकलं. उत्तर आलं, तुमच्या राज्याचे कागद तुमच्या राज्याला रवाना केले. भोपाळला लिहिलं. उत्तर आलं, पेट्या पोचल्या, पण कुठल्या पेटीत काय आहे त्याची यादी नागपूरला राहिली!

मावशी म्हणाली, "म्हणजे माझं सर्टिफिकेट गावोगाव फिरून राहिलं? मजा आहे बाप्पा त्याची! मी तर नागपूर सोडलं तर शेजारच्या शाहपूरच्या पुढं गेली नाही!"

*

मग नवा अर्ज. त्याला राजपत्रित अधिकाऱ्याकडून चारित्र्याचा दाखला हवा. गावात त्या दर्जाचे एक सरकारी डॉक्टर होते, बुऱ्हाणपूरचेच. फार कडक माणूस! दाखला म्हटलं की आठवडाभर फेऱ्या मारायला लावत. मी मावशीला घेऊन गेलो, ते मनाची पूर्ण तयारी करून.

डॉक्टर तिला बघताच खुर्चीतून उठले. लहानपणी त्यांना तिनंच सांभाळलेलं! घाईघाईनं त्यांनी पेन उघडलं. त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती.

मावशी म्हणाली, "आधी नाक पूस, मंग सही कर."

बाहेर वीस पेशंट बसले होते. डॉक्टरांनी नाक पुसलं, आणि मगच सही केली!

*

अर्जात एक रकाना होता, बालवाडीचं माध्यम. मोहल्ल्यात मराठी होती, हिंदी होती, उर्दू होती, आणि तापीकाठच्या गावांची खानदेशी तर होतीच. तिवारीजींनी स्वतः विचारलं, "बाई, आपका माध्यम क्या लिखें?"

मावशी म्हणाली, "साहेब, दीड वर्षाचं पोर कोणत्या भाषेत रडतं ते तुम्ही लिहा. आपलं तेच!"

तिवारीजींनी पेन खाली ठेवलं. त्यांचा नातू नुकताच रीवाहून आला होता आणि आल्यापासून रडतच होता. दुसऱ्या दिवशी तो मावशीच्या बालवाडीत दिसला. रकाना मात्र कोराच राहिला!

*

मग खंडव्याहून इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. हातात छापील प्रश्नावली, कपाळावर आठ्या. दुपारचा एक वाजलेला, वरून मावाजिलेबीसकट जेवण झालेलं. आमच्या ऑफिसानं पाहुणचारात कधी कसूर केली नाही.

मुलांच्या विश्रांतीची वेळ होती. मावशीनं ओळीनं पोरं निजवली आणि हलक्या आवाजात अंगाई धरली. साहेब भिंतीला टेकून प्रश्नावली भरत होते. दहा मिनिटांत सगळी पोरं झोपली. त्यानंतर लगेच साहेब!

मी उठवायला पुढे झालो. मावशीनं ओठांवर बोट ठेवलं. "उठवू नको रे. नवीन आहे, दचकेल."

साहेब साडेतीनला पोरांबरोबर उठले. मावशीनं सगळ्यांना तोंड धुवायला लावलं, त्यांनाही. त्यांचा रिपोर्ट मी माझ्या हातानं फाईलला लावला आहे : "विश्राम की व्यवस्था अति उत्तम. ढाई घंटे स्वयं निरीक्षण किया."

पण खाली शेरा होता : "संचालिका अप्रशिक्षित. परीक्षा अनिवार्य."

*

परीक्षा खंडव्याला. मी ऑफिसची डाक घेऊन जाणारच होतो, म्हणून सकाळच्या गाडीनं मावशीला सोबत नेलं. असीरगडपासून खंडव्यापर्यंत तिनं सगळी उत्तरं मला घडाघडा म्हणून दाखवली. पास होणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती!

शाळेच्या फाटकापाशी बघतो तर गोंधळ. परीक्षेला आलेल्या बहुतेक बाया लेकुरवाळ्या, आणि दारातला सुपरवायझर ओरडतोय, "बच्चे अंदर नहीं जाएँगे!" बाल-संगोपनाची परीक्षा, आणि बालकांना मनाई! पोरं रडतायत, आया रडतायत, दोघीजणी तर स्टेशनकडे परत निघालेल्या.

मावशीनं पदर खोचला. "ए पोरींनो, परत कुठं चालल्या? द्या इकडं!"

अकरा पोरं! चिंचेखाली चादर अंथरली आणि बसली त्यांना घेऊन. घंटा झाली. मी धावत गेलो. "मावशी, पेपर सुरू झाला! खोली जाईल तुमची! तुम्ही जा, मी बघतो पोरांकडे." असं म्हणून मी एक उचललंसुद्धा.

मावशीनं मी ते कसं धरलंय ते पाहिलं. पोर माझ्या हातून काढून घेतलं आणि म्हणाली, "तुझ्याजवळ सर्टिफिकेट आहे का?"

तीन तास ती उठली नाही.

निकाल लागला. अकराच्या अकरा आया पास. गंगूबाई : अनुपस्थित.

मी अर्ज लिहिला. अर्जदार परीक्षेच्या दिवशी परीक्षेच्या आवारात अकरा बालकांसह पूर्ण वेळ हजर होती, तरी हीच तिची परीक्षा समजण्यात यावी. तिवारीजींनी अर्ज दोनदा वाचला. नातू तेव्हा त्यांच्या टेबलाखाली खेळत होता. आयुष्यात कधी कुणाची शिफारस न करणाऱ्या त्या माणसानं शिफारस लिहिली, अर्ज भोपाळला धाडला, आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "बाबू, जब तक आवेदन विचाराधीन है, कमरा कोई खाली नहीं करा सकता. समझे? भोपाल को याद मत दिलाइएगा!"

तिवारीजी रिटायर झाले. मी झालो. मावशी गेली. बालवाडी आता तिची सून चालवते, त्याच खोलीत.

गेल्या महिन्यात ऑफिसात चक्कर टाकली आणि फाईल काढून पाहिली. अर्ज विचाराधीन आहे.