एकाहत्तरावं मिनिट

ग्लेंडा थ्रेलफॉलचं खरं वय मी इथे लिहिणार आहे. तिला हे कळलं असतं तर तिने मला उभी सोलली असती. पण मी मराठीत लिहितेय, आणि ब्रॅकनशॉ टाऊन या आमच्या फुटबॉल क्लबच्या मैदानातल्या पूर्वेकडच्या स्टँडमध्ये माझ्याखेरीज मराठी वाचणारं कुणी नाही, तेव्हा चालेल. शिवाय ही हकिगत तिची नाहीच. तिच्या नवऱ्याची आहे, अल्विनची. त्याच्याबद्दल कुणी कधी काही लिहिणार नाही, कारण लिहिण्यासारखं त्याने आयुष्यात एकदाच केलं आणि तेही चारचौघांच्या शिव्या खाऊन.

अल्विन चाळीस वर्षं बसच्या डेपोत ब्रेक दुरुस्त करत होता. बुटका, पडेल खांद्यांचा, बोलायला कंजूष. घरामागच्या तुकड्यात कांद्याची पात लावायची, दर रविवारी बायकोचे बूट पॉलिश करायचे, एवढेच त्याचे शौक. फुटबॉल त्याला कळत नव्हता आणि कळावा अशी इच्छाही नव्हती. पण अडतीस वर्षं तो दर शनिवारी ग्लेंडाला मैदानाजवळच्या चर्चच्या कोपऱ्यावर गाडीने सोडायचा आणि दोन तास तिथेच गाडीत पेपर वाचत बसायचा. निकाल त्याला विचारावा लागत नसे. ती गाडीचं दार कसं आपटते त्यावरून तो ओळखायचा आणि त्या बेताने घरी गेल्यावर चहा करायचा की जिन ओतायची ते ठरवायचा.

ग्लेंडा आणि मी एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात होतो. एकतीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी मी या गावात आले तेव्हा मंदाकिनी हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना. ग्लेंडाने पहिल्याच दिवशी मला मँडी करून टाकलं. पहिल्या हिवाळ्यात बटाटे सोलता सोलता म्हणाली, "शनिवारी काय करतेस गं? घरात बसून रडतेस ना? त्यापेक्षा मैदानावर येऊन रड. तिथे सगळेच रडतात, कुणी बघत नाही." गेले मी. तेव्हापासून तिच्या शेजारची खुर्ची माझी.

मागच्या वर्षी मे महिन्यात टाऊन एक्केचाळीस वर्षांनी वरच्या डिव्हिजनमध्ये गेली. ग्लेंडाचा आवाज तीन दिवस बसला होता. जूनमध्ये तिने नव्या हंगामाचं कार्ड, म्हणजे सगळ्या सामन्यांचं तिकीट, आणलं आणि फ्रिजवर चिकटवलं. जुलैच्या एका सकाळी त्याच फ्रिजसमोर ती पडली. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा सगळं संपलं होतं.

ऑगस्टमध्ये पहिल्या सामन्याला मी एकटीच जाऊन बसले. खेळ सुरू व्हायला दोन मिनिटं असताना अल्विन पायऱ्या मोजत वर आला आणि तिच्या खुर्चीत बसला.

"कार्ड होतं," तो म्हणाला.

बाकी काही नाही. हात खिशात. मध्यंतराला त्याने पिशवीतून चीज आणि लोणच्यातल्या कांद्याची सँडविचं काढली, एक मला दिलं. ग्लेंडा द्यायची ती अर्थात तोच बांधून द्यायचा, हे मला तेव्हा कळलं. आम्ही चार गोल खाल्ले आणि दोन सँडविचं.

त्यानंतर त्याने घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नाही. मी आपली वाट बघत होते, आज हा रडेल, उद्या रडेल. अंत्यविधीला रडला नव्हता. तिचे कपडे आम्ही दोघांनी मिळून धर्मादाय दुकानात दिले, तेव्हाही नाही. विचारलं, "बरा आहेस ना?" की म्हणायचा, "ठीक आहे." त्याच आवाजात पाऊस आहे म्हणायचा, त्याच आवाजात गोल झाला म्हणायचा. मला त्याचा राग यायचा. मग माझ्या लक्षात आलं की मीही रडले नव्हते.

हंगामाबद्दल काय सांगायचं? पहिले सात सामने हरलो. पहिला विजय नोव्हेंबरात, तोही समोरच्यांच्या माणसाने चेंडू आपल्याच जाळ्यात ढकलला म्हणून. डिसेंबरात मॅनेजरला नारळ दिला. नवा आला, तो रेडिओवर विश्वास, विश्वास करत राहिला. जानेवारीत घरच्या मैदानावर सहा गोल खाल्ले. चौथ्या गोलपर्यंत लोक शिव्या देत होते. सहाव्याला आमच्या मागच्या रांगेतला डॅरेन, ज्याच्या तोंडाला एरवी झाकण नसतं, तो मोबाइलवर जेवणाची ऑर्डर देत होता. दुखायचं ते दुखून झालं होतं. आम्ही यायचो, बसायचो, हरायचो, घरी जायचो.

आमच्याकडे एक रीत आहे. क्लबचं एखादं माणूस गेलं की ते जितक्या वर्षांचं होतं त्या मिनिटाला अख्खं मैदान उभं राहून मिनिटभर टाळ्या वाजवतं. पडद्यावर फोटो येतो. खेळ चालूच असतो. ग्लेंडासाठी हे व्हायलाच हवं, असं मी ऑगस्टपासून अल्विनच्या मागे लागले होते. तिने अडतीस वर्षं या लोकांसाठी घसा फोडला होता. लाइनमनला शिवी दिली म्हणून दोनदा पकडून बाहेर काढली होती तिला. पण अल्विन टाळायचा. ख्रिसमसनंतर बघू. मग थंडी कमी होऊ दे. मार्चमध्ये माझं डोकं फिरलं.

"तुला लाज वाटते का तिची?" मध्यंतरात मी विचारलं. "सदुसष्टावं मिनिट. मी क्लबशी बोलते, तू काही करू नकोस. नुसता उभा राहा."

त्याने सँडविच खाली ठेवलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून एक घडी केलेला कागद काढून त्याने माझ्या मांडीवर ठेवला. त्यांच्या लग्नाचा दाखला होता. मी त्यातलं तिचं वय आणि तारीख वाचली, बोटांवर हिशेब केला, पुन्हा वाचलं.

"अल्विन, ही तर एकाहत्तर—"

"हळू बोल."

"म्हणजे तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी?"

"रजिस्ट्रारच्या कचेरीत कळलं मला. सही करताना. बाहेर आल्यावर म्हणाली, एक अक्षर कुणापाशी बोललास तर याच पायऱ्यांवरून माघारी जाईन. नाही बोललो."

सेहेचाळीस वर्षं नाही बोलला. स्टँडमध्ये आम्ही तिच्या साठीचा केक कापला तेव्हा ती चौसष्टची होती, आणि हा बाबा खाली गाडीत पेपर वाचत होता. ज्येष्ठांचं सवलतीचं कार्ड तिने चार वर्षं उशिरा घेतलं, पूर्ण पैसे भरत राहिली. क्लबात कुणाला खरं वय कळायला नको म्हणून.

"मग मी एकाहत्तर सांगू?" मी म्हटलं.

"नको. मारून टाकेल मला."

"अरे, ती आता..."

"तरी नको."

"मग सदुसष्टला वाजवू दे लोकांना. त्यांना काय फरक पडतो?"

"मला पडतो," तो म्हणाला. "चार वर्षं कमी कशी करू तिची? त्याच चार वर्षांत आम्ही समुद्रावर जाऊन आलो." मग खेळाचा दुसरा अर्धा भाग सुरू झाल्यावर, मैदानाकडे बघतच म्हणाला, "लोकांना सदुसष्टला वाजवू दे. मी माझी नंतर वाजवीन. एक मिनिट. कुणाला कळणार आहे?"

मला ते पटलं. चार मिनिटांनी एक म्हातारा मिनिटभर टाळ्या वाजवेल, त्यात काय मोठं? आम्ही शेवटचा घरचा सामना ठरवला.

मेचा तो शनिवार. लंडनचा संघ होता. आम्ही जिंकलो तर वर राहायची काडीएवढी आशा, नाहीतर खाली. इतक्या महिन्यांनी लोक पुन्हा ओरडत होते, आणि मला त्याचंच जिवावर आलं होतं. अल्विनने कोट, टाय घातला होता. मनगटावर डेपोतून निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ.

शून्य-शून्य. सदुसष्टावं मिनिट लागलं आणि पडद्यावर ग्लेंडा आली, तोंड वासून ओरडताना, माझ्याच मोबाइलवरचा फोटो. मैदान उठलं. तीस हजार माणसं. डॅरेन डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवत होता, त्याचे डोळे लाल झाले होते. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून अल्विनचा खांदा दाबला. अल्विन उभा राहिला, हात खिशातच. लोकांना वाटलं, बिचाऱ्याला सहन होत नाहीये. तो घड्याळाकडे बघत होता.

मग सगळे बसले. अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तराव्या मिनिटाला आमच्या पोराने गोलच्या दांड्यावर चेंडू मारला, अख्खा स्टँड कण्हला. अल्विनला ते दिसलंही नसेल. त्याने खिशातून हात काढले. एकाहत्तर लागलं, तो उठला आणि टाळ्या वाजवायला लागला, सावकाश, हात छातीपाशी धरून.

दहा सेकंद झाली असतील. त्यांचा तो उंच माणूस मधून सुटला आणि गोल झाला.

असली शांतता मी त्या मैदानात कधी ऐकली नव्हती. लांब कोपऱ्यात त्यांचे तीन हजार लोक नाचत होते, आणि आमच्या अख्ख्या स्टँडमध्ये एकच माणूस उभा होता आणि टाळ्या वाजवत होता.

"ए, काय चाललंय?" मागून कुणीतरी ओरडलं. मग डॅरेन. "अल्विन! कुणासाठी वाजवतोयस? वेड लागलं का?"

अल्विन वाजवत राहिला.

"आत्ता तुझ्या बायकोसाठी उभे राहिलो आम्ही सगळे! आणि तू तिच्या खुर्चीत उभा राहून त्यांना टाळ्या देतोस? थू! तिचं नशीब की मेली, हे बघायला नाही!"

माझं टाळकं सरकलं. मी गर्रकन वळले, तोंड उघडलं. एक वाक्य पुरलं असतं. त्या एका वाक्यावर डॅरेन आयुष्यभर मान खाली घालून बसला असता.

"मँडी," अल्विन म्हणाला. "नको."

आणि मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. एकतीस वर्षांत मी विरुद्ध संघाच्या नाणेफेकीलाही मान हलवली नव्हती. पुढच्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या ताटात थुंकले. कागदी पेला येऊन माझ्या पाठीवर आपटला, चहा कोमट होता. लोक उठायला लागले तशी स्टँडची सुरक्षारक्षक बाई धावत वर आली.

"साहेब, बाई, चला माझ्याबरोबर. घरच्या स्टँडमध्ये हे चालत नाही. तुमच्याच भल्याचं सांगते."

"थोडंच राहिलंय," अल्विन तिला म्हणाला. "वीसेक सेकंद."

"सामना संपायला वीस मिनिटं आहेत, साहेब. चला."

तिने आम्हाला दंडाला धरून खाली नेलं. दोन्ही बाजूंनी लोक हुर्यो करत होते. फाटकापाशी तिने कार्डं मागितली. माझं पाहिलं, मग त्याचं.

"यावर ग्लेंडा लिहिलंय."

"बायकोचं आहे."

"त्या नाही आल्या आज?"

"नाही," अल्विन म्हणाला.

तिने दोन्ही कार्डं खिशात घातली. क्लबकडून पत्र येईल, म्हणाली, खुलासा लिहून दिलात तर कदाचित परत मिळतील. अल्विनने मान हलवली. तो काही लिहून देणार नाही, हे मला तिथेच कळलं. फाटक बंद झालं.

रस्ता रिकामा होता. भिंतीपाशी बर्गरची गाडी, आत एक जाडजूड बाई सामना सुटायच्या गर्दीसाठी कांदा परतत होती. अल्विनने टाय सरळ केला, घड्याळ पाहिलं.

"पुरं झालं नाही," तो म्हणाला.

"मग कर पुरं."

तिथेच फुटपाथवर, मैदानाच्या भिंतीकडे तोंड करून, तो पुन्हा टाळ्या वाजवायला लागला. मीही. बर्गरवाल्या बाईने आमच्याकडे पाहिलं, चिमटा ठेवला, ॲप्रनला हात पुसले आणि तिनेही टाळ्या धरल्या. आमच्या गावात अशा वेळी आधी टाळ्या वाजवतात, मग विचारतात. कांद्याचा धूर आमच्या तोंडावर येत होता. पूर्ण एक मिनिट झाल्यावर अल्विन थांबला, तसे आम्हीही थांबलो.

"कोण गेलं, दादा?" बाईने विचारलं.

"बायको."

"अरेरे. वय काय होतं?"

अल्विनने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे बघितलं.

"एकाहत्तर," तो म्हणाला. पहिल्यांदा तोंडाने म्हणाला. मग त्याचा जबडा हलायला लागला. त्याने गाडीच्या फळीला धरलं आणि जुलैपासूनचं सगळं रडणं तिथे, त्या अनोळखी बाईसमोर, मोठ्याने रडला. बाईने कांद्याखालचा गॅस बंद केला आणि गाडीतून खाली उतरून त्याला धरलं. मी त्याची सँडविचांची पिशवी हातात घेऊन उभी होते, आणि माझं मला कळलं नाही कधी मीही सुरू झाले.