बाहीतली वेलची

"आज डब्यात काय?"

रोज सकाळी खुर्चीत टेकायच्या आधी तो हे विचारायचा. वेलिंग्टनच्या आमच्या ऑफिसात मराठी असे आम्ही दोघंच, शेजारी बसणारे. परक्या मुलखात कुणीतरी आपल्या डब्याची चौकशी करतंय म्हणून मी विरघळायचो. तुमच्याही ऑफिसात असा प्रेमळ माणूस असेल, तर जपून राहा.

पूर्वी तो व्हेप ओढायचा, म्हणजे निरनिराळ्या स्वादांची ई-सिगारेट. इमारतीत बंदी असल्यानं त्यासाठी खाली रस्त्यावर जावं लागे. पुढे त्यानं जाणं बंद केलं. "सोडलं रे. खाली वारा फार आहे," म्हणाला. वेलिंग्टनच्या वाऱ्यानं एक तरी व्यसन सोडवलं म्हणून मी त्याचं कौतुक केलं.

मग एक दिवस आमच्या टीम लीड बाईंनी मला बाजूला घेतलं. फार गोड बोलून, दोनदा सॉरी म्हणून त्यांनी सांगितलं की माझ्या डब्याचा गोडसर मसालेदार वास दिवसभर रेंगाळतो, तेव्हा मी किचनमध्ये जेवलो तर बरं. माझे कान तापले. दुसऱ्या दिवसापासून मी चीज सँडविच न्यायला लागलो.

तो अस्वस्थ झाला. "डबा का बंद केलास? वहिनी बऱ्या आहेत ना?" मला अगदी भरून आलं. गाढवच मी.

त्याच आठवड्यात, सँडविच पोटात जाऊन दोन तास झाल्यावर, वेलचीचा वास आला. पाहतो तर हा पडलेलं पेन उचलल्यासारखा वाकलेला आणि तोंड जॅकेटच्या बाहीत. बाहीत व्हेप. लाज नाहीच. उलट मला शिकवायला लागला. आंबा सगळ्या मजल्याला कळतो, तंबाखूचा प्रश्नच नाही, वेलची सगळ्यात हलकी. माझ्या डब्यात शिरा असला की वेलची, नसला की व्हॅनिला, आणि डबाच नसला की पुन्हा हलकी वेलची.

"मला बोलणी बसली," मी म्हटलं.

"तुझं जेवण आहे रे. जेवणाला कोण काय बोलणार? स्वीट ॲज." म्हणजे इथल्या भाषेत, सगळं झकास.

सांगितलं असतं तर त्याची नोकरी गेली असती, नोकरीबरोबर व्हिसाही. त्याच्या घरात दोन लहान मुली. मी गप्प बसलो आणि मनातून त्याला रोज शिव्या घातल्या.

पुढे त्याला टौरंगा शहरात मोठी नोकरी लागली. निरोपाच्या मॉर्निंग टीला मी बायकोकडून शिरा करून नेला. वेलची घालू नकोस, असं तिला बजावलं होतं. भाषणात त्यानं माझ्या डब्याचे गोडवे गायले आणि सवयीनं खिडकीशी जाऊन बाही तोंडाला लावली.

"कार्डमम, राइट?" टीम लीड बाईंनी हवा हुंगत विचारलं.

"आज घातलेली नाही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणालो. "हुंगून बघा."

त्यांनी बशी नाकाशी नेली. मग हळूच खिडकीकडे पाहिलं. तो शिरा चघळल्यासारखं करत राहिला. तोंडात काही नव्हतं.

सोमवारी मी माझ्या जागेवर डबा उघडला. कुणी काही बोललं नाही. शिरा होता, बायकोनं हौसेनं वेलची घातलेली. पहिला घास घेतला आणि त्या मेल्याची बाही आठवली. डबा तसाच घरी नेला. तेव्हापासून आमच्याकडे शिऱ्यात जायफळ घालतात.