पूजेतली रायफल

आमचं घर बंदुकांवरच चाललं. सासरे तोफांच्या कारखान्यात होते, नवराही तिथेच. त्यामुळे मुलीनं रायफल हातात घेतली तेव्हा मी नको म्हणणार कुठल्या तोंडानं? शहराबाहेरच्या रेंजवर दर रविवारी तिचे बाबाच शिकवायचे. मी मागच्या बाकावर विणकाम घेऊन बसायचे.

तिथे त्यांचा मोठा दरारा. रायफल खाली ठेवायची तर बोल्ट उघडा, म्हणजे आत गोळी नाही हे दिसतं, आणि नळी निशाण्याकडे, नाहीतर कुणाची गय नाही. "बोल्ट बंद करून काहून ठेवला? चलो, घरी जा," असं ते चाळिशीच्या माणसालाही ऐकवायचे. मला हसू यायचं. घरी यांना गॅस बंद करायची आठवण राहत नाही.

खंडेनवमीला मात्र रेंजवर देव आले आणि नियम गेले. सकाळचा सराव घाईघाईत आवरला. टेबलावर लाल कापड पसरून रायफली मांडल्या. नळ्या पूर्वेकडे, कारण पूजा पूर्वेकडे तोंड करून. बोल्ट बंद, कारण उघडं शस्त्र म्हणे अर्धवट दिसतं. कानांवरची संरक्षणाची झाकणंही सगळ्यांनी काढली, आरती ऐकू यायला नको का! मग बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून आणलेले झेंडूचे हार घातले.

मुलगी टेबलाच्या पलीकडून, नळ्यांच्या बाजूनं, नमस्काराला वाकली. तिच्या रायफलीवरचा हार घसरत होता, तो बाबांनी सरळ करायला ओढला. हाराचा दोरा चापात अडकलेला होता आणि आत सकाळची एक गोळी राहिली होती.

गोळी तिच्या डाव्या कानाशेजारून भिंतीत गेली. रक्ताचा थेंब नाही. ती नुसती आमच्या तोंडांकडे बघत उभी राहिली. "आई, सीटी बज रही है," म्हणाली. शिट्टी कुठेच वाजत नव्हती.

त्या कानानं आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी त्यांच्याशीच भांडले, जसा काही भांडून कान परत मिळणार होता.

दिवाळीनंतर ती पुन्हा रेंजवर जायला निघाली. मी रडले, ओरडले, तिचे बूट लपवले. "आई, मुझे यही तो आता है," एवढंच ती बोलली आणि बूट शोधून काढले. आता ती अगदी डावीकडच्या जागेवरून नेम धरते, म्हणजे थांबायचा हुकूम चांगल्या कानावर पडतो. मी बाकावर बसून असते. विणकाम होत नाही. तिचे बाबा रेंजवर पाऊल ठेवत नाहीत.

जेवताना ते आठवणीनं तिच्या उजवीकडे बसतात. फक्त रविवारी, ती दाराशी बुटाची नाडी बांधायला वाकली की तिच्या डाव्या बाजूला जाऊन उभे राहतात. "माफ कर बेटा," असं हळूच म्हणतात. ती नाडी बांधत राहते. मी मागेच उभी असते, मला ऐकू येतं.