अम्मांनी मागून घेतलेला सिपारा

माझं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. खालापूरच्या बाजूला माझं माहेर, तिथल्या शाळेत पाचवीला जायचं तर नदी ओलांडून जावं लागे, म्हणून घरी बसवलं. अरबी मात्र मी त्याच्याही आधी शिकले होते, आईच्या मावशीकडून. लग्न होऊन मी पोशीरच्या पलीकडच्या गावात आले तेव्हा सासरच्या घरात कुराण वाचता येणारी बाई मीच होते. पण मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही आणि विचारलं तरी थोडंच बोलायचं, असा माझा स्वभाव.

माझ्या सासूबाईंना, अम्मांना, वाचता येत नाही हे मला सासरे वारले त्या आठवड्यात कळलं.

आमच्यात कुणी वारलं की बायका घरात जमून कुराण वाचून काढतात. त्याचे तीस भाग असतात, एकेका भागाचं वेगळं पातळ पुस्तक, त्याला सिपारा म्हणतात. जिला वाचता येतं तिनं एक सिपारा उचलायचा. तीसही वाचून झाले की बाहेर ओटीवर पुरुषांना सांगायचं, मग दुवा होते आणि दुवा झाली की जेवणं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मध्ये पांढऱ्या कापडावर खजुराच्या बियांचा ढीग ओतलेला असतो. एक बी उचलायची, कलमा म्हणायचा, बी दुसऱ्या ढिगात ठेवायची. पुण्य त्याचंही आहे, कमी कुणी मानत नाही.

सासऱ्यांच्या वेळी अम्मा त्या कापडापाशी बसल्या होत्या. मी समोरच्या भिंतीला टेकून सिपारा वाचत होते. मध्येच मान वर केली तर अम्मा माझ्याकडे बघत होत्या. हातात बी तशीच, ओठ थांबलेले.

बायका गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "माझ्या माणसासाठी गावातल्या समद्या बायांनी वाचलं. कालची आलेली तू, तू पण वाचलंस. आनी मी बिया सारल्या."

मी कापडावरच्या बिया गोळा करू लागले.

"वरसाच्या दिवशी मी सिपारा घेनार. मला शिकव."

मला वाटलं दुःखात बोलतायत, विसरतील. अम्मा म्हणजे गावात सगळ्यांच्या ओळखीची बाई. नेरळच्या बाजारात जाऊन भांडून भाव पाडणारी, रस्त्यानं चालताना चार घरांशी मोठ्यानं बोलत जाणारी. पण आता त्या इद्दतीत होत्या. नवरा वारल्यावर चार महिने दहा दिवस बाईनं घराबाहेर जायचं नाही. बाजार बंद, शेतावर जाणं बंद. चौथ्या-पाचव्या दिवशी दुपारी भांडी घासून मी आत आले तर त्यांनी वजू करून, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात-तोंड-पाय धुऊन, डोक्यावर पदर घेतलेला. खाली चटई टाकली होती आणि चटईच्या पुढं पाट मांडला होता.

"बस पाटावर."

"अम्मा, तुमी बसा. मी खाली बसते."

"शिकवनारीनं वर बसायचं असतं. एवढं मला ठावं हाय. बस गं, पाट काय चावतोय?"

मी पाटाच्या अगदी कडेवर बसले. सासू खाली आणि सून वर, कुणी दारातून बघितलं तर काय म्हणेल, या धाकानं माझ्या तोंडातून आवाज फुटेना. मी पुस्तक उघडलं. अक्षरओळखीच्या या पातळ पुस्तकाला आमच्यात कायदा म्हणतात. तो संपल्याशिवाय कुराणाला हात लावत नाहीत. अम्मांनी हात पुढं केला.

"साखर?"

"काय?"

"पोरांना पयल्या दिवशी साखर देतात ना तोंडात? मला नाय देनार? म्हातारी म्हनून?"

मी उठून डब्यातली चिमूटभर साखर आणली आणि त्यांच्या जिभेवर ठेवली. असं आम्ही सुरू केलं.

पहिलं अक्षर अलिफ, काठीसारखं उभं. दुसरं बे. अम्मांनी सासऱ्यांचा चष्मा नाकावर चढवला, तो घसरला, परत चढवला आणि बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"हे तर सूप हाय," त्या म्हणाल्या. "सुपाच्या खाली एक दाना पडलाय."

मी पुढचं अक्षर दाखवलं, ते. तसंच सूप, पण वर दोन टिंबं.

"आनी हितं दोन दाने उडालेत." त्या खुश झाल्या. "फुडं? तीन उडालेत. हां. पाखडायला लागली गं बया."

मला आईच्या मावशीनं हीच अक्षरं छडी मारून शिकवली होती. सूप मला कधी दिसलं नव्हतं. त्यानंतर आजपर्यंत ज्या ज्या मुलीला मी कायदा शिकवला, तिला सूप आणि दाणे सांगूनच शिकवला.

अरबीत अक्षर एकटं असलं की एक रूप, दुसऱ्याला जोडलं की दुसरं. शेपटी तुटते, पोट जातं, नुसतं डोकं आणि टिंब उरतं. बहुतेक मुली इथं रडतात. अम्मा हसल्या. "बाईसारकंच की. म्हायेरी पाय पसरून बसायचं, सासरी आलं की आखडून घ्यायचं. पन टिंब सोडत नाय, बघ. टिंबावरनं वळखायचं."

आणि काही अक्षरं घशाच्या अगदी खालून काढायची असतात. ती मला काढून दाखवावी लागत, आणि मला मोठ्यानं बोलण्याची चोरी. शिकवणारी म्हणून अम्मा मला उस्तानी म्हणायच्या आणि ओरडायच्या, "उस्तानी, जरा मोठ्यानं बोल, माझे कान काय कर्जतला गेलेत?" मग त्या स्वतः काढायच्या, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा. एकदा शेजारची वहिनी, शेतावरून वालाच्या शेंगा घेऊन मागल्या दारानं आली, ती धावतच आत आली.

"काय झालं गं भाभी? काटा अडकला काय नरड्यात? भाताचा घास गीळ."

"काटा नाय. अक्षर हाय."

वहिनीनं पाटावर बसलेली मी बघितली, चटईवर बसलेल्या अम्मा बघितल्या. "आता या वयात साळंत घातली व्हय सुनेनं? पोरी, मारू बिरू नको हां तिला."

"ती कशाला मारंल? तिला तर माशी हाकलायची पन लाज वाटते."

वहिनी शेंगा ठेवून तिथंच उंबऱ्यावर टेकली आणि पाठ संपेपर्यंत बसून राहिली. मधूनच जायची निघाली की अम्मा म्हणायच्या, बस गं, आता दोन दानेवाला येतोय. मग ती परत बसायची.

मला उलट्या बाजूनं वाचायची सवय लावायला खूप वेळ लागला होता, कारण मी त्याच दिवसांत मराठी शाळेतही जात होते. अम्मा शाळेत गेलेल्याच नव्हत्या. त्यांना मोडायला कुठली सवयच नाही, असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं. एक सवय होती, आणि ती मला कायदा संपत आल्यावर कळली.

कायद्याच्या शेवटच्या पानांवर कुराणातल्या लहान लहान सूरा, म्हणजे अध्याय, असतात. अम्मांनी बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली, न अडखळता, सुरेख. मला भरून आलं. मग माझी नजर त्यांच्या बोटाकडे गेली. तोंडानं त्या तिसऱ्या ओळीवर होत्या आणि बोट पहिल्याच ओळीत होतं. नमाजात म्हणून म्हणून ते सगळं त्यांना पाठ होतं. डोळे पानावर होते, पण वाचत जीभ होती. लहानपणापासून कानानं ऐकलेलं त्यांच्या जिभेवर इतकं पक्कं बसलं होतं की अक्षरांना मध्ये शिरायला जागाच नव्हती.

संपल्यावर त्या म्हणाल्या, "झालं ना? आता शेवटचा सिपारा दे. त्यात समद्या लहान सूरा असतात. त्यातल्या बऱ्याच मला येतात."

मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. वर्षाच्या दिवशी त्यांनी शेवटचा सिपारा घेतला असता, बोट फिरवलं असतं, बायकांनी वा म्हटलं असतं. दोन दिवस मी तसा विचार केला. पण त्या वाचणार होत्या सासऱ्यांसाठी, आणि त्यांनी मला शिकव म्हटलं होतं. तिसऱ्या दिवशी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन विळीनं त्यात एक बारीक चौकोनी भोक पाडलं, एका वेळी एकच अक्षर दिसेल एवढं. मावशी माझ्यासाठी असंच करायची.

पुठ्ठा मी पानावर ठेवला. "अम्मा, यात काय दिसतंय?"

त्या बघत राहिल्या. अक्षर सांगता येईना.

"अम्मा, तुमी वाचत नाय. तुमाला पाठ आहे ते म्हणताय." हे मी इतक्या हळू बोलले की मलाच नीट ऐकू आलं नाही. पण त्यांना आलं.

"मला येतं ते इसरू आता? लहानपनापासनं येतं ते?" चष्मा काढून त्यांनी पुस्तकाशेजारी ठेवला आणि उठून चुलीकडे गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस दुपारी चटई पडली नाही. माझ्याशी बोलणं मिठा-मिरचीपुरतं. मी मनात म्हणायचे, आता संपलं, मीच संपवलं.

मग एका दुपारी चटई पडलेली दिसली. पाटही मांडलेला.

"लाव तुझी खिडकी," अम्मा म्हणाल्या. "पन मला येतं ते पान नको. न येनारं काढ."

कायद्यातलं सगळंच त्यांना येत होतं. म्हणून मी सिपाऱ्यांतला मधला एक काढला, त्यांनी कधी न ऐकलेलं पान उघडलं आणि पुठ्ठा ठेवला. आता जीभ पुढं पळू शकत नव्हती, तिला वाट माहीतच नव्हती. एक अक्षर. सरकव. दुसरं अक्षर. सरकव. त्यांच्या कपाळावर घाम यायचा. एक ओळ व्हायला अर्धी दुपार जायची. नांगर धरतात तसं त्या पुस्तकाची कड दोन्ही हातांनी धरायच्या.

असंच चाललं असताना एकदा त्या एका शब्दापाशी होत्या. रे. सरकवलं. हे. सरकवलं. मीम, त्यावर उभी खूण. नून. त्यांनी अक्षरं जोडून पाहिली, परत मागं गेल्या, परत जोडली. मग एकदम थांबल्या. हातानं पुठ्ठा बाजूला केला.

"रहमान?"

मी मान हलवली.

"हे रहमान हाय? आपलं?"

"हो अम्मा."

बोटाचं टोक त्या शब्दाच्या खाली टेकवून त्या बसून राहिल्या. भाताचं आधण ठेवताना, दार उघडताना, लेकराला पाजायला घेताना, बिस्मिल्ला म्हणत दिवसातून कितीदा अल्लाचं ते नाव त्यांनी घेतलं असेल. "इतकी वरसं जिभेवर होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "दिसलं आज. एवढुसं हाय गं लिहायला."

मीही बघितलं. मी तो शब्द हजारदा वाचला होता, पण असा कधी बघितला नव्हता. मी पाटावरून खाली उतरून चटईवर त्यांच्या शेजारी बसले, आणि त्या दिवशी त्यांनी मला वर बस म्हटलं नाही.

इद्दत संपली, अम्मा परत बाजारात जाऊ लागल्या, पण दुपारची चटई सुटली नाही. पुढं पुठ्ठा लागेनासा झाला. वेग मात्र आला नाही.

वर्षाच्या दिवशी सकाळीच बायका जमल्या. सिपारे वाटायचं काम अम्मांच्या मोठ्या जावेकडे असायचं. तिनं अम्मांना बियांच्या कापडाकडे जाऊ न देता हसून शेवटचा सिपारा पुढं केला. "ऐकलंय मी, शिकलीस म्हनून. हा घे. सोपा."

"हा मला पाठ हाय," अम्मा म्हणाल्या. "मधला दे कुठला पन."

"मधला? सांज करशील बाये."

"करीन."

जावेनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तिनं गठ्ठ्यातला एक मधला काढून दिला.

सगळ्या जणी वाचू लागल्या की खोलीत मधमाश्यांसारखा आवाज भरतो. माझा सिपारा झाला, शेजारणीचा झाला. एकेक पुस्तक मिटत गेलं आणि तो आवाज पातळ होत होत शेवटी एकट्या अम्मांचा राहिला. त्या चौथ्या की पाचव्या पानावर होत्या. स्वयंपाकघरात बिर्याणीचं झाकण कणकेनं बंद करून ठेवलेलं.

मोठी जाऊ सरकून जवळ आली. "दे उरलेला. मी नि तुझी सून वाटून घेतो. चालतं तसं."

खरंच चालतं. अम्मांनी मान हलवली नाही, वरही बघितलं नाही. वाचत राहिल्या. जाऊ तिथंच बसली, अम्मांच्या बोटाकडे बघत. बोट एका अक्षराखाली थांबायचं, अक्षर घशातून यायचं, मगच बोट पुढं जायचं. त्या पानाचा अर्थ त्या खोलीत कुणालाच येत नव्हता, मलाही नाही. आम्ही सगळ्या असंच शिकलो होतो. पण भरभर वाचताना मला कधी वाटलं नव्हतं की प्रत्येक अक्षर वेगळं उभं असतं आणि त्याला कुणीतरी आणलेलं असतं. आता ते वाटलं. बायका पदर सावरून बसल्या. कुणी खोकलंसुद्धा नाही.

बाहेरून माझ्या दिरांनी हाक मारली, "झालं का? दुवा करायची ना? लोकं थांबलीत."

मोठ्या जावेनं आतूनच उत्तर दिलं, "थांबा."

"अगं जेवन थंड व्हतंय."

"मग जेवून घ्या. दुवा नंतर. ती वाचतेय."

असं आमच्या घरात आधी कधी झालं नव्हतं, नंतरही नाही. पुरुष जेवून उठले. आम्हा बायकांनाही वाढलं. जेवून, हात धुऊन बायका परत येऊन बसल्या. त्यांचं वाचन झालं होतं, घरी जायला हरकत नव्हती, पण कुणी गेली नाही. अम्मा जेवल्या नव्हत्या. आवाज बसला होता, तरी घशातली अक्षरं त्या घशातूनच काढत होत्या.

अस्रची, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजाची, अजान व्हायच्या थोडं आधी त्यांनी शेवटची ओळ संपवली. पुस्तक मिटलं नाही. त्या बायकांकडे बघू लागल्या, जणू एवढी माणसं इथं कधी आली हे त्यांना कळत नव्हतं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"बोलू नको," मोठी जाऊ म्हणाली, आणि तांब्या त्यांच्या तोंडाशी धरला. "पानी पी आधी." मग ती स्वतः उठून दारापाशी गेली आणि ओटीवर सांगितलं की झालं, तीसही झाले, करा दुवा.